चार टीओआर, एक नाव: लॉगऑन वाटणीच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४, सोमवार

काम आजपासून अधिकृतपणे आमच्या टीमकडे. क्लायंट अमेरिकेतली विमा कंपनी. मेनफ्रेम (मोठा मध्यवर्ती संगणक) त्यांच्याकडे, सिस्टिम प्रोग्रामिंग आम्ही पुण्यातून बघतो. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. मधल्या राज्यांची ऑफिसं त्यानंतर तासाभराने उघडतात. त्यामुळे लॉगऑनच्या दोन लाटा येतात, साडेसहाला आणि साडेसातला. या दोन वेळा लक्षात ठेवाव्यात, पुढचं बरंच काही त्यांच्याभोवती फिरणार आहे.

आजची मांडणी अशी. सीआयसीएस म्हणजे मेनफ्रेमवर व्यवहार चालवणारी आयबीएमची यंत्रणा. तिच्या रीजन, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रती, कामाप्रमाणे वेगळ्या केलेल्या आहेत: टर्मिनल सांभाळणाऱ्या टीओआर, प्रोग्रॅम चालवणाऱ्या एओआर, फाइली सांभाळणारी एफओआर. एओआर भरपूर आहेत, दोन्ही एलपारवर (मेनफ्रेमचे स्वतंत्र संगणकासारखे चालणारे भाग) पसरलेल्या आहेत, आणि कुठला व्यवहार कुठल्या एओआरवर जायचा हे सीपीएसएम नावाचं सॉफ्टवेअर त्या त्या क्षणी ठरवतं. तिथे कुणाची तक्रार नाही. टीओआर मात्र दोनच, आणि दोन्ही पहिल्या एलपारवर. कुठल्या राज्यातल्या ऑफिसने कुठल्या टीओआरवर जायचं हे फार वर्षांपूर्वी ठरवून दिलेलं आहे. लॉगऑनच्या पडद्यावर माणूस रीजनचं नाव टाइप करतो आणि दिवसभर तिथेच राहतो.

ती वाटणी झाल्यावर कंपनीने दक्षिणेकडे ऑफिसं वाढवली, उत्तरेकडची काही बंद केली. आता टीओआर १ गच्च भरलेली आणि टीओआर २ वर जागाच जागा. टीओआर १ पडली की तिच्यावरची सगळी माणसं हेल्पडेस्कला फोन लावतात आणि हेल्पडेस्क एकेकाला सांगत बसतं, "दुसरं नाव टाका." क्लेमसाठी कुणीतरी फोनवर ताटकळलंय, आणि त्याच्याशी बोलणाऱ्या बाईंना रीजनची नावं पाठ असायला हवीत, हे मला अजिबात पटत नाही. त्यांना एक नाव माहीत असावं, बाकी आम्ही बघावं.

११ जानेवारी, गुरुवार

क्लायंटच्या मॅनेजरनी कॉलवर विचारलं, रीजन वाढवण्यापेक्षा मशीनला एखादा प्रोसेसर जोडला तर? प्रश्न रास्त आहे आणि पुढेही कुणीतरी विचारेल, म्हणून उत्तर इथे लिहिते.

सीआयसीएस रीजनमधलं बहुतेक काम क्यूआर या एकाच टीसीबीवर (एका वेळी एकाच प्रोसेसरवर पळणारा कामाचा धागा) चालतं. १९६९ साली सीआयसीएस आलं तेव्हापासून मूळ ढाचा हाच आहे: रीजनमध्ये शेकडो टास्क असतील, पण एका वेळी एकच पळणार. पुढे डीबी२ हा डेटाबेस वगैरेंच्या कामासाठी ओपन टीसीबी आले, म्हणून एओआरला आता एकाच वेळी अनेक प्रोसेसर वापरता येतात. टीओआरला त्याचा फारसा फायदा नाही. टर्मिनलकडून डेटा घ्यायचा, कुठल्या एओआरकडे धाडायचा ते ठरवायचं, उत्तर आलं की परत द्यायचं, हे तिचं काम आणि ते क्यूआरवरच होतं. म्हणजे एक टीओआर फार तर एका प्रोसेसरच्या ताकदीइतकीच वाढू शकते. शेजारी कितीही प्रोसेसर मोकळे असले तरी तिला ते उपयोगाचे नाहीत.

साडेसहा ते सव्वासातच्या आलेखात टीओआर १ चा क्यूआर छताला टेकलेला दिसतो. त्याच वेळी टीओआर २ चा अर्ध्यावरही जात नाही. त्या पाऊण तासात व्यवहाराला जो जादा वेळ लागतो, तो एओआरमध्ये जातच नाही; सगळा टीओआरच्या रांगेत जातो. आलेख पाठवला, प्रोसेसरचा विषय मिटला.

१७ जानेवारी, बुधवार

आराखडा ठरला. व्हीटॅम म्हणजे टर्मिनल आणि ॲप्लिकेशन यांना जोडणारं मेनफ्रेमचं नेटवर्क सॉफ्टवेअर; त्याचं जनरिक रिसोर्स वापरायचं. पॅरलल सिसप्लेक्सबरोबर (अनेक एलपार एकत्र चालवण्याची व्यवस्था), १९९४ च्या सुमारास आलेली ही सोय. क्लायंटकडे सिसप्लेक्स आहेच, फक्त ही गोष्ट कुणी चालू केली नव्हती. प्रत्येक टीओआर आपल्या स्वतःच्या ॲपलआयडीबरोबर (व्हीटॅमकडचं रीजनचं नाव) एका सामाईक नावाखालीही व्हीटॅमकडे नोंद करते. सीआयसीएसच्या बाजूने त्याला जीआरनेम हा एक पॅरामीटर पुरतो. कुठल्या नावाखाली कोण कोण आहे ही यादी कपलिंग फॅसिलिटीत (सगळ्या एलपारना सामाईक असलेली मेमरी), आयएसटीजनरिक नावाच्या स्ट्रक्चरमध्ये राहते आणि सिसप्लेक्समधल्या प्रत्येक व्हीटॅमला दिसते. कुणी सामाईक नावाने लॉगऑन केलं की व्हीटॅम सेशन (चालू जोडण्या) मोजतं आणि ज्या टीओआरवर कमी, तिकडे माणूस पाठवतं. मेनफ्रेमवरच्या कामाचा भार बघणाऱ्या वर्कलोड मॅनेजरलाही विचारता येतं; तो त्याच्या हिशेबाने दुसरी टीओआर सुचवू शकतो.

टीओआर चार करायच्या, प्रत्येक एलपारवर दोन.

नावावरून बरीच चर्चा झाली. नेटवर्कवाल्यांना नवं सुटसुटीत नाव हवं होतं. माझा आग्रह होता की टीओआर १ चं जुनं नाव लोकांच्या बोटांत बसलंय, तेच सामाईक नाव होऊ दे आणि टीओआरना नवे ॲपलआयडी द्या. सामाईक नाव आणि ॲपलआयडी एकच असून चालत नाही, म्हणजे जुनं नाव आधी टीओआर १ कडून काढून घ्यावं लागेल. यात आमचं काम वाढतं: रॅकफ या सुरक्षा सॉफ्टवेअरची प्रोफाइलं, मॉनिटरिंग, रात्रीचे जॉब, जिथे जिथे जुना ॲपलआयडी लिहिलाय ते सगळं शोधायचं. पण ते काम मूठभर लोकांचं आहे, आणि नवं नाव शिकायचं तर प्रत्येक ऑफिसातल्या प्रत्येकाने शिकायचं. लीड मॅडमनी माझ्या बाजूने कौल दिला. टीओआर २ चं जुनं नाव यूएसएस टेबलमधून (लॉगऑनच्या पडद्यावर टाइप केलेल्याचा अर्थ लावणारा तक्ता) सामाईक नावाकडे वळवू. ते टाइप करणाऱ्यालाही फरक कळणार नाही.

सगळ्यांना एक गोष्ट पुन्हा सांगितली. वाटणी फक्त लॉगऑनच्या क्षणी होते. एकदा सेशन बांधलं गेलं की ते त्या टीओआरचं. नंतर कितीही असमतोल झाला तरी व्हीटॅम कुणाला उचलून दुसरीकडे ठेवत नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

आजचा शोध सगळ्यांत महत्त्वाचा.

ऑटोइन्स्टॉलच्या वेळी, म्हणजे लॉगऑन होताच सीआयसीएस टर्मिनलची व्याख्या आपोआप बनवतं तेव्हा, प्रत्येक टर्मिनलला चार अक्षरी टर्मआयडी मिळतो. आयबीएमने दिलेला मूळ प्रोग्रॅम नेटनेमची (व्हीटॅमकडचं टर्मिनलचं नाव) शेवटची चार अक्षरं घेऊन तो बनवतो, आणि इथे तोच वापरात आहे. पहिल्या एलपारच्या टर्मिनल-नावांच्या पूलमध्ये टीएन१०००४२ हे टर्मिनल आहे. दुसऱ्या एलपारसाठी जो पूल आखलाय त्यात टीएन२०००४२ असणार. दोघांचा टर्मआयडी ००४२. एकाच टीओआरवर आले असते तर दुसऱ्याचं इन्स्टॉल अडलं असतं आणि लगेच कळलं असतं. वेगवेगळ्या टीओआरवर आले तर कुणीच हरकत घेत नाही.

आता कोटेशनचा जुना प्रोग्रॅम बघा. तो अर्धवट भरलेला फॉर्म टेम्पररी स्टोरेजच्या क्यूमध्ये ठेवतो. क्यूचं नाव म्हणजे टर्मआयडी आणि त्याला जोडून व्यवहाराचा चार अक्षरी कोड. क्यू सगळ्या एओआरना सामाईक आहेत. ॲप्लिकेशन टीमच्या बाईंना शेजारी बसवून टेस्टमध्ये करून पाहिलं. दोन टीओआर, दोन खिडक्या. डावीकडच्या खिडकीत एक खोटं नाव, जन्मतारीख आणि धूम्रपान करतो की नाही ते भरलं आणि तिथेच थांबलो. उजवीकडच्या खिडकीत काहीही न भरता पीएफ८ दाबलं. डावीकडचं नाव आणि जन्मतारीख उजवीकडे उमटली. बाई काही क्षण पडद्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे प्रॉडक्शनला झालं असतं तर?"

एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच एजंटला दिसली असती. यंत्रणा कुठलीही चूक दाखवत नाही, कुठे ॲबेंड (प्रोग्रॅम मध्येच कोसळणं) नाही, लॉगमध्ये ओळ नाही. लॉगऑन वाटण्याचे फायदे सांगणारा प्रत्येक कागद क्षमता आणि उपलब्धता यांवर बोलतो. मला वाटतं पहिल्या पानावर टर्मआयडी असायला हवा.

उपाय: ऑटोइन्स्टॉलचा प्रोग्रॅम आपला लिहायचा. टर्मआयडीचं पहिलं अक्षर टीओआरप्रमाणे ठरलेलं, उरलेल्या तीन जागा अक्षरं आणि अंक धरून. तीन जागांत ४६,६५६ नावं बसतात, एका टीओआरला भरपूर झाली. सोबत सगळ्या सोर्समध्ये टर्मआयडीचा वापर कुठे कुठे आहे याची झडती. ॲप्लिकेशन टीमने दोन आठवडे मागितले. द्यायलाच हवेत.

२९ जानेवारी, सोमवार

झडतीतून अपेक्षेप्रमाणे प्रिंटर बाहेर आले. पॉलिसीची कागदपत्रं शाखेतल्या प्रिंटरवर काढायला एओआरमधला प्रोग्रॅम प्रिंटरच्या टर्मआयडीवर स्टार्ट (व्यवहार सुरू करण्याची आज्ञा) देतो. प्रिंटरची व्याख्या एओआरकडे आधी पोचलेली नसेल तर एओआरला तो प्रिंटर माहीतच नसतो. त्या वेळी सीआयसीएस एक्सआयसीटीईएनएफ या एक्झिटला (आपण लिहून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) विचारतं, हा कुठल्या टीओआरचा? आतापर्यंत त्या एक्झिटमध्ये ऑफिसच्या कोडवरून उत्तर लिहिलेलं होतं.

निर्णय: प्रिंटर सामाईक नावात आणायचेच नाहीत. प्रिंटर स्वतः लॉगऑन करत नाही, सीआयसीएस त्याला धरून आणतं. तेव्हा त्याची जागा ठरलेलीच बरी. पहिल्या एलपारवर निम्मे, दुसऱ्यावर निम्मे, कायमच्या व्याख्या, नावाच्या पहिल्या अक्षरावरून टीओआर कळेल आणि एक्झिट तेवढंच बघेल. माणूस टीओआर ४ वर आणि त्याचा प्रिंटर टीओआर १ वर असला तरी छापायला अडचण नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार

आयएसटीजनरिकसाठी सीएफआरएम पॉलिसीत (कुठलं स्ट्रक्चर कुठे ठेवायचं याचे नियम) दोन्ही कपलिंग फॅसिलिटी पसंतीक्रमात घातल्या. रीबिल्ड करून (स्ट्रक्चर दुसऱ्या फॅसिलिटीत नव्याने उभारून) पाहिलं, सेशन हलली नाहीत.

३ फेब्रुवारी, शनिवार

टेस्ट सिसप्लेक्सवर पहिली पूर्ण चाचणी. स्क्रिप्टने भरपूर लॉगऑन सोडली. चारही टीओआर यादीत, चौघी निवडण्यायोग्य. तरी सगळी सेशन टीओआर १ आणि २ वर, अगदी सारखी वाटलेली. तीन आणि चारवर एकही नाही.

कारण असं. टीएन३२७० सर्व्हर (नेटवर्कवरून आलेली टर्मिनलं व्हीटॅमला जोडणारा) सध्या फक्त पहिल्या एलपारवर चालतो. त्याची टर्मिनलं व्हीटॅमच्या दृष्टीने त्याच एलपारवरची ॲप्लिकेशन्स असतात, आणि व्हीटॅम मुळात स्थानिक सदस्याला झुकतं माप देतं. पसंतीच्या तक्त्यात लोकॲपल नो केलं की हा झुकाव जातो. करून पाहिलं, पुढच्या फेरीत चौघींवर वाटणी झाली.

पण तेवढ्यावर थांबू नये असं माझं मत. झुकाव काढला तर निम्मी सेशन पहिल्या एलपारवरच्या टीएन३२७० मधून दुसऱ्या एलपारवर दिवसभर ये-जा करत राहतील. शिवाय टीएन३२७० सर्व्हर एकटाच राहतो. तो गेला की चार टीओआर असून दारच बंद. म्हणून टीएन३२७० दोन्ही एलपारवर चालवायचा, पुढे सिसप्लेक्स डिस्ट्रिब्युटरचा एक डायनॅमिक व्हीआयपीए (दोन्ही एलपारसाठी मिळून एकच आयपी पत्ता) ठेवायचा आणि कनेक्शन तिथेच वाटायची. मग स्थानिक पसंती आहे तशी असू दे. कनेक्शन ज्या एलपारवर उतरलं तिथल्याच दोन टीओआरमध्ये व्हीटॅम वाटणी करेल, आणि त्या एलपारवरच्या दोन्ही गेल्या तर पलीकडच्या आहेतच, कारण पसंती ही सक्ती नसते. वाटणी दोन पायऱ्यांत होते, दोन्ही पायऱ्या आपल्या हातात.

नेटवर्कवाल्यांना पटलं. त्यांचं काम वाढलं हेही खरं: काही ऑफिसांच्या एम्युलेटरमध्ये (पीसीवर टर्मिनल दाखवणारा प्रोग्रॅम) डीएनएसचं नाव नाही, थेट जुना आयपी पत्ता लिहिलेला आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

सिक्युरिटीच्या सरांबरोबर बैठक. ऑडिटची अट: एक यूझर एका वेळी एकदाच साइनऑन (आपला यूझरआयडी देऊन सीआयसीएसमध्ये शिरणं). ही तपासणी कितपत व्याप्तीत करायची ते एसएनस्कोप हा पॅरामीटर ठरवतो. आज एसएनस्कोप सीआयसीएस आहे, म्हणजे त्या एका रीजनपुरती तपासणी. चार टीओआर झाल्या की तोच यूझर चार ठिकाणी साइनऑन करू शकेल. म्हणून चौघींत एसएनस्कोप सिसप्लेक्स.

पर्सिस्टंट सेशनचाही प्रश्न होता. पीएसडीइंट या पॅरामीटरला वेळ दिला तर टीओआर पडल्यावर व्हीटॅम तिची सेशन धरून ठेवतं, ती परत उठेपर्यंत. एकच टीओआर असताना हे सोयीचं होतं. आता माणसाने लगेच दुसऱ्या टीओआरवर जावं असं आपल्याला वाटतं, तेव्हा जुनं सेशन धरून ठेवणं आडवं येतं. चौघींत शून्य.

१७ फेब्रुवारी, शनिवार

प्रॉडक्शन. जुनं नाव टीओआर १ कडून काढलं, नवे ॲपलआयडी दिले, चौघी सामाईक नावाखाली नोंदवल्या. व्हीआयपीए चालू. ॲप्लिकेशन टीमने कोटेशनची तीच दोन खिडक्यांची चाचणी पुन्हा केली; उजवीकडे रिकामा फॉर्म आला. पहाटे सगळे घरी.

१९ फेब्रुवारी, सोमवार

इकडे शिवजयंतीची सुट्टी, तिकडे प्रेसिडेंट्स डे. बरीच ऑफिसं बंद, गर्दी बेताची. आजच्या आकड्यांवरून काही ठरवायचं नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

खरी सकाळ आज. साडेसहाला लाट आली, साडेसातला दुसरी. चौघींचे क्यूआर एकमेकींच्या जवळपास, कुणीही छताजवळ नाही. टीओआरमधली रांग आलेखात शोधावी लागते. हेल्पडेस्ककडून नावाबद्दल एकही फोन नाही.

क्लायंटच्या मॅनेजरनी विचारलं की चारही आकडे सारखे का नाहीत. ते सारखे असायची गरज नाही. एका सेशनवर दिवसभर क्लेम भरणारी बाई असते, दुसऱ्यावर सकाळी लॉगऑन करून बैठकीला गेलेला माणूस. सेशन सारखी वाटली म्हणून काम सारखं वाटलं जात नाही, आणि वर्कलोड मॅनेजर त्याच्या हिशेबाने थोडं इकडेतिकडे करतोच. कुठलीही टीओआर काठावर जात नाही, एवढं बघायचं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री पावणेनऊच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या भर कामाच्या वेळी, टीओआर ३ शॉर्ट ऑन स्टोरेज झाली, म्हणजे तिची मेमरी संपत आली. लगेच पडली नाही. काही मिनिटं कण्हत राहिली, मग डंप (मेमरीची नक्कल) घेत गेली. डंपमध्ये एका विक्रेत्याच्या मॉनिटरिंगच्या एक्झिटने घेतलेली आणि न सोडलेली स्टोरेज दिसते. त्यांच्याकडे पाठवलंय.

प्रकल्पाचा मुख्य फायदा आज पाहायला मिळाला. साधारण चौथाई लोकांचा पडदा अडकला, बाकीच्यांना कळलंही नाही. अडकलेल्यांनी तेच नाव पुन्हा टाइप केलं आणि बहुतेक लोक दुसऱ्या टीओआरवर कामाला लागले. पूर्वी हेल्पडेस्कला फोन करून नाव विचारल्याशिवाय हे होत नव्हतं.

बहुतेक, सगळे नाहीत. ती कण्हत होती त्या मिनिटांत दोन गोष्टी घडल्या. लोकांनी एम्युलेटर बंद केले तशी टीओआर ३ वरची सेशन कमी झाली. सेशन कमी म्हणजे व्हीटॅमच्या नजरेत तीच सगळ्यांत मोकळी, म्हणून नवी लॉगऑन तिच्याकडेच जाऊ लागली. आजारी रीजन माणसं ओढून घेते, आणि जितकी आजारी तितकी जास्त. दुसरं, जे टीओआर ४ वर पोचले त्यांतल्या काहींचं साइनऑन नाकारलं गेलं, कारण टीओआर ३ वरचं त्यांचं जुनं साइनऑन अजून जिवंत होतं. एसएनस्कोप सिसप्लेक्स आपलं काम चोख करत होतं.

उपाय ऑटोमेशनमध्ये घातला. टीओआरमध्ये डीएफएचएसएम०१३१ किंवा ०१३३ हा मेमरी कमी पडल्याचा मेसेज आला आणि ठरलेल्या वेळेत स्थिती निवळली नाही, तर पहिल्यांदा त्या टीओआरची सामाईक नावाखालची नोंदणी काढायची, म्हणजे नवी माणसं येणं थांबतं. मग ऑपरेटरला विचारून ती खाली घ्यायची. अर्धमेली रीजन तगवत बसण्यापेक्षा लवकर खाली घेतलेली बरी.

टीओआर ३ परत कधी उठवायची यावरही नियम केला. एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावर नवी लेन उघडली की सगळ्या गाड्या तिकडेच वळतात, तसं शून्य सेशनची टीओआर उठली की नवी लॉगऑन एकजात तिच्यावर येतात. प्रत्येक लॉगऑनला ऑटोइन्स्टॉल, साइनऑन, रॅकफची तपासणी. ऑटोइन्स्टॉलची रांग एआयक्यूमॅक्सने अडवलेली असते, डीफॉल्ट १००. ती भरली की सीआयसीएस व्हीटॅमला थोडं थांबायला सांगतं. म्हणून दोन्ही लाटांच्या तासाभरात पडलेली टीओआर उठवायची नाही. तीन टीओआर तेवढा वेळ खेचतात, आजही खेचलं. उठवायची ती तिकडच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी.

७ मार्च, गुरुवार

सीआयसीएसचे पीटीएफ (आयबीएमकडून येणाऱ्या दुरुस्त्या) पहिल्यांदाच कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात चढवले. टीओआर २ ची नोंदणी काढली. नवी लॉगऑन इतर तिघींकडे वळली, आतली सेशन चालू राहिली. तिकडच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत आकडा आपोआप उतरला. उरलेल्यांना पडद्यावर मेसेज दिला, हातातलं काम पुरं करून लॉगऑफ करायला वेळ दिला, मग शटडाउन. टीओआर २ नव्या कोडसह उठली, तीही लाटेच्या बाहेर.

आतापर्यंत हे काम रविवारी पहाटे व्हायचं आणि आमच्यापैकी दोघातिघांचा रविवार जायचा. नवा कोड एका टीओआरवर दिवसभर तपासता येतो आणि बिघडला तर तिला बाजूला घेता येतं, हा त्याहून मोठा फायदा. बाकीच्या तिघींवर पुढच्या आठवड्यात एकेक करून.

११ मार्च, सोमवार

काल तिकडे घड्याळ तासभर पुढे गेलं. लाटा आता साडेपाच आणि साडेसहाला. रोस्टर, ऑटोमेशनमधल्या वेळा आणि टीओआर न उठवण्याचा नियम, तिन्ही बदलले.

शिल्लक कामं: एका भागीदार कंपनीची एपीपीसी लिंक (प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी थेट बोलण्याची जोडणी) सामाईक नावाने येते. अशा लिंकची जोडी एकदा जुळली की सेशन संपल्यावरही ती त्याच टीओआरशी बांधलेली राहू शकते, म्हणून त्यांना एका टीओआरचा थेट ॲपलआयडी द्यायचा; त्यांची मंजुरी यायची आहे. थेट आयपी पत्ता लिहिलेली ऑफिसं अजून थोडी उरली आहेत, नेटवर्कवाले रोज काही उरकतात. विक्रेत्याकडून एक्झिटची दुरुस्ती आली, ती आधी टेस्टमध्ये, मग टीओआर ३ वर.